‘नाही’ आणि ‘कळले नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्यांपैकी एक पुण्यात, एक दिल्लीत आणि एक कोलकात्यात आहे. त्याच दिवशी हवामान संशोधनासाठी पुण्यात ‘अर्क’ आणि नोएडात ‘अरुणिका’ या यंत्रणाही सुरू झाल्या. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, अरुणिकाची ८.२४ पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिती कृत्ये. अशा बातम्यांत आपले लक्ष आकड्यांवर खिळते आणि ते स्वाभाविकही आहे. पण या यंत्रांवर चालणाऱ्या गणनेची विश्वासार्हता केवळ वेगावर ठरत नाही. गणना सुरू होण्यापूर्वी प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमला काही अगदी साधे प्रश्न विचारतो आणि त्यांची उत्तरे तो कशी ऐकतो, यावरही बरेच काही अवलंबून असते. त्यांतला सर्वांत साधा प्रश्न म्हणजे, “ही फाइल आहे का?”

या प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे दोनच प्रकारचे असू शकते, असा आपला समज असतो. बहुतेक पाठ्यपुस्तकांत आणि प्रशिक्षणवर्गांत तसेच शिकवले जाते. माझे मत असे की हा समज चुकीचा आहे आणि वैज्ञानिक गणनेत तो घातकही आहे. फाइल आहे का हे तपासणाऱ्या फंक्शनला तीन उत्तरे देता आली पाहिजेत: आहे, नाही, आणि सांगता येत नाही. तिसऱ्या उत्तराबरोबर त्याचे कारणही आले पाहिजे.

प्रथम यंत्रणेच्या तळाशी काय घडते ते पाहू. युनिक्स आणि त्या परंपरेतील लिनक्स यांत एखाद्या फाइलची माहिती मागण्यासाठी ‘स्टॅट’ नावाची सिस्टीम कॉल आहे. सी भाषेतून ती बोलावली आणि काम झाले, तर शून्य मिळते; न झाल्यास उणे एक मिळते आणि अपयशाचे कारण ‘एररनो’ या चलात क्रमांकाच्या रूपाने लिहिले जाते. लिनक्सवर क्रमांक २ म्हणजे त्या नावाची फाइल किंवा फोल्डर नाही. क्रमांक १३ म्हणजे परवानगी नाही. फाइलपर्यंतच्या वाटेवरील एखाद्या फोल्डरमध्ये शिरण्याचा अधिकार नसेल तर हा क्रमांक येतो. क्रमांक ५ म्हणजे वाचन-लेखनातच बिघाड झाला, उदाहरणार्थ डिस्क प्रतिसाद देत नाही. क्रमांक ११६ म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या साठवणीचा जुना संदर्भ आता ग्राह्य राहिलेला नाही. याखेरीज नाव मर्यादेपेक्षा लांब असणे, दुवे एकमेकांकडेच बोट दाखवत फिरत राहणे अशी आणखीही कारणे आहेत. या सगळ्यांत ‘फाइल नाही’ असा स्पष्ट अर्थ क्रमांक २ चा आहे. वाटेत जिथे फोल्डर हवे तिथे साधी फाइल निघाली, तर येणारा क्रमांक २० हाही व्यवहारात ‘नाही’ मध्येच धरता येतो. उरलेल्या सगळ्या क्रमांकांचा अर्थ एवढाच की यंत्रणेला उत्तर शोधता आले नाही.

आपल्याकडे पोस्टमनला हा फरक संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. पोहोचवता न आलेले रजिस्टर पत्र परत करताना तो नुसते ‘दिले नाही’ असे लिहीत नाही. ‘घर बंद’, ‘पत्ता अपूर्ण’, ‘घेण्यास नकार’, ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा नेमका शेरा तो मारतो. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने या चार शेऱ्यांतून चार वेगळ्या कृती निघतात. घर बंद असेल तर पुन्हा पाठवावे, पत्ता अपूर्ण असेल तर तो नीट लिहावा, नकार असेल तर पुढचा कायदेशीर विचार करावा, आणि माणूस तिथे राहतच नसेल तर नवा पत्ता शोधावा. चारही पत्रांवर एकच ‘नाही’ असा शिक्का मारणारे टपाल खाते आपण चालवून घेतले नसते. प्रोग्रामिंगमध्ये मात्र नेमके तसेच खाते आपण वर्षानुवर्षे चालवून घेत आहोत.

पायथन या आज विज्ञानात सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या भाषांपैकी एका भाषेत ‘एक्झिस्ट्स’ हे फंक्शन आहे. ते आतून स्टॅटसारखीच विचारणा करते. परंतु ऑपरेटिंग सिस्टीमकडून कोणतीही त्रुटी आली की तिचे कारण बाजूला टाकून ‘फॉल्स’ एवढेच परत देते. परवानगी नसल्यास फाइल प्रत्यक्ष असूनही ‘फॉल्स’ मिळू शकते, असे पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातही नोंदवलेले आहे. म्हणजे तळाच्या थराने कारण जपून वर पाठवले आणि सोयीसाठी बांधलेल्या वरच्या थराने ते वाटेत फेकून दिले. जुन्या, रूक्ष वाटणाऱ्या सी भाषेत जी माहिती हाती येत होती, ती नव्या, सुटसुटीत भाषेत हरवली.

इतर भाषांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे तुलनेसाठी उद्बोधक आहेत. जावाच्या २०११ साली आलेल्या सातव्या आवृत्तीत ‘एक्झिस्ट्स’ आणि ‘नॉट-एक्झिस्ट्स’ अशी दोन फंक्शने आली. एक दुसऱ्याचे उलट असेल असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. फाइलची स्थिती ठरवता आली नाही तर दोन्ही फंक्शने ‘फॉल्स’ देतात. तर्कशास्त्र जाणणाऱ्याला हे प्रथम विचित्र वाटेल, पण त्यामागे तिसरे उत्तर मान्य करण्याचा प्रामाणिक प्रयत्न आहे. फक्त ते उत्तर ऐकण्यासाठी दोनदा प्रश्न विचारावा लागतो आणि तरीही कारण कळत नाही. सी++च्या २०१७च्या मानकात ‘एक्झिस्ट्स’ची दोन रूपे आहेत. एक रूप त्रुटी आल्यास अपवाद फेकते, दुसरे ती त्रुटी आपण दिलेल्या चलात नोंदवते. गो भाषेच्या प्रमाणित संचात असे होय-नाही फंक्शनच नाही. तिथे ‘स्टॅट’ बोलावून आलेली त्रुटी ‘अस्तित्वात नाही’ या प्रकारची आहे का, हे वेगळे विचारावे लागते. फोरट्रान ७७ मधील ‘इनक्वायर’ आज्ञेतही फाइल आहे की नाही यासाठी एक रकाना आणि त्रुटीसाठी दुसरा रकाना आहे. दुसरा रकाना मागितलाच पाहिजे असे बंधन नाही, म्हणून तो मागायचा राहून जातो.

सर्वांत बोलके उदाहरण रस्ट भाषेचे आहे. तिथे आधी ‘एक्झिस्ट्स’ हे पायथनसारखेच फंक्शन होते. २०२२च्या ऑगस्टमध्ये आलेल्या १.६३ या आवृत्तीत ‘ट्राय-एक्झिस्ट्स’ हे नवे फंक्शन स्थिर झाले. त्याच्या उत्तरात आहे, नाही आणि त्रुटी या तिन्ही शक्यता वेगवेगळ्या असतात, आणि संकलक प्रोग्रामरला त्रुटीची दखल घेतल्याशिवाय सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. पायथनचा प्रवास उलट्या दिशेने झाला. तिथल्या ‘पाथलिब’ या नव्या संचातील ‘एक्झिस्ट्स’ पूर्वी परवानगीसारखी त्रुटी दडवत नसे, ती अपवाद म्हणून वर पाठवत असे. ३.१४ या आवृत्तीपासून तेही सर्व त्रुटी गिळून ‘फॉल्स’ देऊ लागले. जुन्या फंक्शनशी सुसंगती राहावी हा त्यामागचा विचार आहे, आणि ज्यांना कारण हवे त्यांनी ‘स्टॅट’ वापरावे, असे दस्तऐवज सांगतो. सुसंगतीचे मोल मला मान्य आहे. पण दोन फंक्शनांपैकी एक कारण सांगणारे आणि एक कारण दडवणारे असेल, तर सुसंगती साधण्यासाठी दडवणाऱ्याचा कित्ता गिरवणे हा निर्णय मला पटत नाही.

हा वाद केवळ भाषांच्या रचनाकारांचा आहे असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या कामातली दोन उदाहरणे घेऊ. दोन्ही काल्पनिक आहेत, पण महासंगणकावर काम करणाऱ्या कोणालाही ती परकी वाटणार नाहीत.

सामायिक महासंगणकावर एका वापरकर्त्याला अमर्याद वेळ मिळत नाही. ठरलेली मुदत संपली की गणना थांबते. म्हणून प्रोग्राम ठरावीक अंतराने आपली अवस्था एका फाइलमध्ये जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतो. सुरुवातीची ओळ अशी असते: जपलेली फाइल असेल तर ती वाच, नसेल तर शून्यापासून आरंभ कर. आता समजा, ज्या क्षणी हा प्रश्न विचारला गेला त्याच क्षणी सामायिक साठवण काही सेकंद प्रतिसाद देत नव्हती. फंक्शनने ‘फॉल्स’ दिले. प्रोग्रामने आज्ञाधारकपणे शून्यापासून आरंभ केला आणि काही तासांनी साठवण पूर्ववत झालेली असताना, जुन्या फाइलवर नवी अवस्था लिहून टाकली. तीन आठवड्यांची गणना गेली. प्रोग्राम कोसळला नाही, तक्रारीची एक ओळही आली नाही, प्रत्येक पायरी लिहिल्याप्रमाणेच पार पडली.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण तिथे नुकसान दिसतही नाही. एका महिन्याच्या दैनंदिन पर्जन्यमानाच्या तीस फाइली आहेत. प्रोग्राम प्रत्येक दिवसासाठी विचारतो, फाइल आहे का? असेल तर तो आकडा बेरजेत मिळवतो, नसेल तर पुढे जातो. तीन फाइलींच्या फोल्डरची परवानगी कोणी बदलली असेल, तर बेरीज सत्तावीस दिवसांचीच होते आणि ती महिन्याचा पाऊस म्हणून पुढच्या आलेखात जाते. पहिल्या उदाहरणात वेळ गेला. इथे निष्कर्ष बिघडला. गेलेला वेळ संशोधकाला जाणवतो, पण बिघडलेला निष्कर्ष जाणवेलच असे नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा भेद नवा नसावा. आपल्या शास्त्रात ‘काही आढळले नाही’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार कमवावा लागतो. कोलारच्या सोन्याच्या खाणींचा इतिहास आठवावा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे विश्वकिरणांतून येणाऱ्या म्यूऑन कणांची मोजणी वेगवेगळ्या खोलींवर केली. सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर, जवळपास दोन महिने उपकरणे चालू ठेवूनही, एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. हे शून्य मोलाचे ठरले. इतक्या खोलवर विश्वकिरणांचा गोंगाट जवळजवळ उरत नाही, म्हणून न्यूट्रिनोंचा शोध घेण्यास ही जागा योग्य आहे, हा विचार त्यातून पुढे आला. आणि १९६५ साली कोलारच्या खाणीत, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. पण त्या शून्याला अर्थ होता तो एकाच अटीवर: उपकरणे चालू होती आणि म्यूऑन आला असता तर तो नोंदला गेला असता, ही खात्री होती. उपकरण बंद असतानाही शून्यच येते. आकडा तोच असतो, पण त्याला मोजमापाची किंमत नसते.

कोविडच्या काळात आरटीपीसीआर चाचणीचे अहवाल आपण सर्वांनी पाहिले. त्या चाचणीत विषाणूच्या जनुकांबरोबर माणसाच्या एखाद्या जनुकाचाही शोध घेतला जातो. तेही सापडले नाही, तर नमुना नीट घेतला गेला नाही किंवा प्रक्रिया बिघडली असे समजून निकाल अग्राह्य धरतात. विषाणू दिसला नाही म्हणून रुग्णाला ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी पाठवत नाहीत. प्रयोगशाळेत जो विवेक आपण सहज पाळतो, तो त्याच प्रयोगशाळेच्या संगणकावर का पाळत नाही?

यावर काही आक्षेप येतील आणि ते दुर्लक्षण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप साधेपणाचा. नवशिक्याला ‘जर फाइल असेल तर’ एवढे लिहिता आले पाहिजे. त्याच्या गळ्यात त्रुटींचे जंजाळ कशाला? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. सैल उत्तर पुरेसे असलेले प्रसंग असतात. ऐच्छिक सजावटीची फाइल मिळाली तर वापरायची, अन्यथा सोडून द्यायची, अशा ठिकाणी कारणाची चौकशी करण्याचे कारण नाही. म्हणून होय-नाही देणारे फंक्शन असूच नये असे मी म्हणत नाही. माझा आग्रह नावाबद्दल आहे. ‘आहे का’ हे साधे, पहिल्यांदा सुचणारे नाव प्रामाणिक फंक्शनला मिळावे. कारण गिळणाऱ्या फंक्शनचे नाव ‘सापडली का’ असे काहीतरी असावे. नवशिक्या जे पहिल्यांदा हाती येते तेच वापरतो. म्हणून सुरक्षित साधन हाताशी आणि धोक्याचे साधन जरा वरच्या फळीवर असावे, एवढी काळजी तर स्वयंपाकघरातही घेतली जाते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. त्रुटी वर पाठवल्या तरी लोक त्या गिळतातच. अपवाद आला की त्याभोवती कुंपण घालून आत ‘काही करू नकोस’ असे लिहिणारे कमी नाहीत. खरे आहे. पण इथे एक महत्त्वाचा फरक आहे. वापरणाऱ्याने त्रुटी गिळली, तर तो निर्णय त्याच्या कोडमध्ये लिहिलेला दिसतो. परीक्षक त्यावर बोट ठेवू शकतो, सहकारी त्याला प्रश्न विचारू शकतो. फंक्शनने आतल्या आत गिळली, तर तो निर्णय कोणी घेतलाच नाही असे भासते आणि जाब विचारायला कोणी उरत नाही.

तिसरा मुद्दा आक्षेपापेक्षा दुरुस्तीचा आहे. फाइल आहे का हा प्रश्न मुळात विचारावाच का? विचारणे आणि वापरणे यांत काही क्षण जातात. तेवढ्यात दुसरा प्रोग्राम ती फाइल पुसू शकतो, बदलू शकतो किंवा निर्माण करू शकतो. सुरक्षाशास्त्रात या फटीला स्वतंत्र नाव आहे आणि लिनक्सच्या मार्गदर्शिकेत ‘ॲक्सेस’ या कॉलबाबत तसा इशाराही दिलेला आहे. म्हणून वाचायचे असेल तर सरळ फाइल उघडावी आणि उघडली नाही तर कारण पाहावे. नवी फाइल निर्माण करायची असेल तर ‘आधीपासून असल्यास अपयशी हो’ अशा अटीसह उघडावी, म्हणजे तपासणी आणि निर्मिती एकाच अखंड कृतीत होते. या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. आणि त्याने मूळ भूमिकेला बळच मिळते, कारण उघडण्याच्या कृतीत अपयशाचे कारण आपोआप समोर येते.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. यंत्रणेने ‘नाही’ असे स्पष्ट सांगितले तरी तेही नेहमी अंतिम नसते. बाहेरील साठवण जोडली गेली नसेल, तर तिच्या जागी रिकामे फोल्डर दिसते आणि क्रमांक २ अगदी खरेपणाने मिळतो. अशा वेळी, जी फाइल असायलाच हवी अशी एखादी खुणेची फाइल आधी तपासावी. तीच नसेल तर पुढच्या सर्व ‘नाही’ अग्राह्य मानाव्यात. आरटीपीसीआरमधील माणसाच्या जनुकाचे काम इथे ती खुणेची फाइल करते.

विद्यार्थी मित्रांनो, यातून हाती घेण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. आपण फंक्शन लिहिताना ‘नाही’ हे उत्तर फक्त ‘नाही’ हे सिद्ध झाले तेव्हाच द्या. अन्य सर्व त्रुटी कारणासह वर पाठवा आणि त्या संदेशात फाइलचा पूर्ण मार्ग व आपण काय करू पाहत होतो हे दोन्ही लिहा. नुसते ‘फाइल उघडता आली नाही’ हा संदेश मध्यरात्री थांबलेल्या गणनेसमोर बसलेल्याच्या उपयोगाचा नसतो. बेरीज, सरासरी काढताना अपेक्षित फाइली किती आणि वाचलेल्या किती हे दोन्ही आकडे निकालासोबत छापा. जपलेली अवस्था असणे अपेक्षित असेल तर शून्यापासून आरंभ करण्याचा निर्णय प्रोग्रामवर सोडू नका, तो माणसाने आज्ञेतून स्पष्टपणे द्यावा.

संस्था आणि विद्यापीठांकडूनही एक अपेक्षा आहे. आपल्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्याला व्हर्निअर हाताळण्यापूर्वी शून्य-त्रुटी शिकवली जाते. मापन लिहिताना अनिश्चितता लिहिली नाही तर गुण कापले जातात. संगणकीय भौतिकशास्त्राच्या पेपरमध्ये मात्र प्रोग्राम चालला आणि उत्तर आले की गुण मिळतात. फाइल नसेल, अर्धवट असेल, वाचता येत नसेल तेव्हा तो काय करतो, हे विचारले जात नाही. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत परीक्षकाने एका फोल्डरची परवानगी काढून घ्यावी आणि विद्यार्थ्याचा प्रोग्राम काय बोलतो ते पाहावे. यासाठी नवे अनुदान लागत नाही, नवे यंत्र लागत नाही.

पेटाफ्लॉप्सचे आकडे वाढत जातील आणि ते वाढावेत. पण यंत्र जितके वेगवान, तितके ते एका चुकीच्या ‘नाही’ वर उभारलेले निष्कर्षही वेगाने देईल. ठाऊक नसलेल्या गोष्टीला ‘ठाऊक नाही’ म्हणणे ही विज्ञानाची पहिली शिस्त आहे. ती पाळण्याची सोय आपल्या छोट्यातल्या छोट्या फंक्शनमध्ये असली पाहिजे.

आपण वापरत असलेल्या भाषेत आणि आपल्या प्रयोगशाळेतील कोडमध्ये हा प्रश्न कसा हाताळला जातो, ते खाली अवश्य लिहा. मतभेद असतील तर अधिकच आवडेल.